तिचं २/५ येतं कुठून?

प्रश्न : बाई, माझी मुलगी पाचवीत आहे. १/२ + १/३ = २/५ असं ती लिहिते. मी समच्छेद करायला शिकवलं, दहा गणितं घोटून घेतली, सगळी बरोबर आली. चार दिवसांनी पुन्हा २/५! वर्गात मात्र दोन आठवडे मुलं कागदाच्या पट्ट्याच दुमडताहेत. यात वेळ वाया जात नाही का? मी घरी लसावि (दोन्ही छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) शिकवून टाकू का?
– एक आई

उत्तर : पट्ट्या दुमडू द्या. मी बावीस वर्षं याच वयाच्या मुलांना गणित शिकवते आहे. पहिली काही वर्षं मीही तुमच्याइतकीच घाईत असायचे. फळ्यावर रीत, खाली वीस गणितं, की पुढचा धडा. एकदा ज्याच्या वहीत एकही चूक नव्हती अशा मुलाला सहज विचारलं, "अर्ध्यात आणखी एक तृतीयांश मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान?" तो तत्काळ म्हणाला, "लहान. अपूर्णांक लहानच असतात ना, बाई!" आणि वहीत समोर ५/६ लिहिलेलं. त्या वहीवर मी भलेमोठे 'शाब्बास' दिले होते.

आता तुमच्या मुलीकडे वळू. तिचं २/५ वेडगळ नाही. पहिल्या चाचणीत दोनपैकी एक गणित बरोबर आलं, दुसऱ्या चाचणीत तीनपैकी एक. मिळून पाचपैकी दोन. आम्ही शिक्षकच उत्तरपत्रिकेवर १/२, १/३ असं लिहितो आणि बेरीज करताना वरचे वर, खालचे खाली मिळवतो. मुलीने तेच उचललं. तिचं उत्तर बरोबर आहे, फक्त प्रश्न दुसरा आहे. चाचणीत दर वेळी 'एकूण' बदलतं: आधी दोन, मग तीन, शेवटी पाच. गणितातल्या बेरजेत मात्र अर्धा आणि तृतीयांश हे दोन्ही एकाच अखंडाचे भाग असतात. हा फरक तिला कुणी सांगितलेलाच नसतो. त्यातून आपण वाचतोही 'एक छेद दोन'. कानाला दोन संख्या ऐकू येतात, मग तिनेही दोन वेगळ्या बेरजा केल्या, तर नवल काय?

पट्टीचं काम इथे येतं. बारा सेंटीमीटरची पट्टी घ्या. मधोमध दुमडली की सहा. तीन भाग करताना मुलं रडकुंडीला येतात. पहिली घडी अंदाजाने पडते, तिसरा भाग अरुंद राहतो, मग उलगडून पुन्हा. हे चालू द्या, तुम्ही घडी घालून देऊ नका. 'सारखे भाग' या दोन शब्दांचा अर्थ तिथेच बोटांना कळतो. तृतीयांश म्हणजे चार सेंटीमीटर. सहाला चार जोडून ठेवले की दहा. आता तिचं २/५ त्याच पट्टीवर मोजायला सांगा: ४.८ सेंटीमीटर. नुसत्या अर्ध्याहूनही आखूड! इथे बहुतेक मुलं स्वतःच गप्प होतात.

मग एकच विचारा: असा कोणता तुकडा आहे, जो अर्ध्यातही नेमका बसेल आणि तृतीयांशातही? दोन सेंटीमीटरचा, म्हणजे पट्टीचा सहावा भाग, बऱ्याच जणांना सापडतो. अर्ध्यात तीन, तृतीयांशात दोन, मिळून ५/६. झाला समच्छेद. भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात दिलेली रीतही हेच करते: एकाच्या छेदाने दुसऱ्याचे अंश आणि छेद दोन्ही गुणायचे. रीत जुनी आणि पक्की आहे, पण ती कशासाठी हे माहीत नसलं की चार दिवसांत उडते.

दशांश चिन्हाच्या वेळीही हीच खोड डोकं वर काढेल. ०.३५ मोठा की ०.५? "पस्तीस मोठे," असं ती म्हणाली, तर रागावू नका. ०.५ म्हणजेच ०.५०, एवढं शंभर चौकटींच्या कागदावर रंगवून घ्या.

लसाविबद्दल म्हणाल, तर थोडं थांबा. १/६ + १/८ हे गणित द्या. छेदांचा गुणाकार करून ती ४८ भाग पाडेल, ८/४८ आणि ६/४८ मिळवून १४/४८ लिहील. उत्तर बरोबरच आहे, त्यावर फुली मारू नका. पण एवढ्या बारीक रेघा मारताना हात दुखतात, आणि मग "याहून कमी भागांत भागेल का?" हे तीच विचारते. तेव्हा २४ दाखवा, ६ आणि ८ चा लसावि तोच.