लांबी-रुंदी दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट का होतं?

तुमचा प्रश्न असा की आयताच्या दोन्ही बाजू दुप्पट केल्या की परिमिती दुप्पट होते, मग क्षेत्रफळ चौपट कसं? सूत्र पाठ आहे, पण मनाला पटत नाही.

मला ते पटलं माटोळीमुळे. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतो, तीच माटोळी; आत आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी. तिला नारळ, सुपारीचे घोस, मावळिंग, निरफणस, कांगणी अशी फळं बांधायची. आमची जुनी चौकट ४ बाय ३ फुटांची. पट्ट्या अर्ध्या फुटावर, म्हणून ८ गुणिले ६, अशी ४८ घरं. घरामागे एक जिन्नस.

एका वर्षी चौकट ८ बाय ६ केली. बाहेरचं लाकूड १४ ऐवजी २८ फूट लागलं, म्हणून मी जिन्नसही दुप्पट आणले, ९६. बांधून झाले तरी अर्धी जाळी रिकामीच! आजीने जुनी चौकट आणून नव्यावर ठेवली. एका कोपऱ्यात बसली, मग शेजारी, मग खाली दोनदा. "चार माटोळ्या आहेत रे ह्या," म्हणाली. घरं १९२ होती.

बाजू तिप्पट केल्या तर परिमिती तिप्पट, क्षेत्रफळ नऊपट. निम्म्या केल्या तर निम्मी आणि पाव. गोल रांगोळीलाही हेच लागू, कारण कुठलाही आकार बारीक चौकोनांनी भरलेला समजा, त्यातला प्रत्येक चौकोन दोन्ही दिशांनी वाढतो. फक्त लांबी दुप्पट केलीत, ८ बाय ३, तर क्षेत्रफळ दुप्पट होईल पण परिमिती २२च.

एक गंमत मात्र नीट बघा. आतल्या पट्ट्याही फुटांतच मोजतात, पण त्या ४१ फुटांवरून १७८ वर गेल्या, चौपटीहून जास्त. कारण दोन पट्ट्यांमधलं अंतर आम्ही अर्धा फूटच ठेवलं. तेही दुप्पट, म्हणजे १ फूट केलं असतं तर बरोबर ८२ फूट लागल्या असत्या. सगळी मापं एकाच पटीत वाढली तरच नियम लागू होतो, हे मुलांना आवर्जून सांगा.

आणि माझ्या ९६ जिन्नसांना साधारण पुरेल एवढी चौकट हवी असती तर? क्षेत्रफळ दुप्पट हवं, तर बाजू २ च्या वर्गमुळाने, साधारण १.४१ ने वाढवायच्या: ५ फूट ८ इंच बाय ४ फूट ३ इंच.