ऑनलाइन असोसिएट डिग्रीला रुग्णालयात कोणी विचारते का?

न्यू जर्सीत राहणाऱ्या ज्या मराठी स्त्रिया करिअरविषयी सल्ला घेण्यासाठी माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणींचा एक प्रश्न ठरलेला असतो. हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीची, म्हणजे रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी सांभाळण्याच्या शास्त्राची, दोन वर्षांची असोसिएट डिग्री घरी बसून ऑनलाइन केली, तर तिला इथल्या रुग्णालयात कोणी विचारील का? वैदेहीनेही (नाव बदलले आहे) पहिल्या भेटीत हेच विचारले. शिवाजी विद्यापीठाची सूक्ष्मजीवशास्त्रातील बी.एस्सी., लग्नापूर्वी सांगलीतील एका पॅथॉलॉजी लॅबमधील नोकरी आणि त्यानंतर मुले लहान असल्याने पडलेला मोठा खंड, अशी तिची पार्श्वभूमी होती. पतीचा ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असल्याने एच-४ या जोडीदारासाठीच्या व्हिसावर असूनही तिला कामाचा परवाना मिळाला होता. ही सोय २०१५ सालापासून उपलब्ध आहे.

तिच्या शंकेला घरातूनही खतपाणी मिळत होते. सासूबाईंना वाटे की पदवीधर सुनेने पुन्हा दोन वर्षांचा, पदवीहून खालचा अभ्यासक्रम करणे म्हणजे मागे जाणे. पतीचे म्हणणे असे, की काही महिन्यांचा कोडिंगचा, म्हणजे आजार आणि उपचारांना ठरावीक संकेतांक देण्याचा, कोर्स करून सीपीसी ही कोडरची परीक्षा देता येत असताना दोन वर्षे आणि एवढी फी कशासाठी घालवायची?

ऑनलाइन या शब्दाला तिने नको तितके महत्त्व दिले होते, हे मी तिला आधीच सांगितले. या क्षेत्रात खरा प्रश्न मान्यतेचा आहे. कॉलेजला संस्था म्हणून असलेली मान्यता वेगळी आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला ‘काहिम’ या, आरोग्य-माहितीचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या, आयोगाने दिलेली मान्यता वेगळी. आरएचआयटी ही, आरोग्य-माहिती तंत्रज्ञ म्हणून नोंदणीसाठीची, ‘अहिमा’ या व्यावसायिक संघटनेची परीक्षा द्यायची असेल, तर काहिमची मान्यता असलेल्या असोसिएट अभ्यासक्रमातूनच बाहेर पडावे लागते. मग तो वर्गात बसून केला की संगणकासमोर, याने परीक्षेच्या पात्रतेत फरक पडत नाही. जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त कॉलेज’ एवढेच लिहिलेले असेल किंवा ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ असे म्हटले असेल, तर तिथेच थांबून काहिमच्या संकेतस्थळावरील यादीत त्या अभ्यासक्रमाचे नाव शोधावे. वैदेहीने निवडलेल्या तीन अभ्यासक्रमांपैकी एक या यादीत नव्हता, आणि नेमका तोच सर्वांत महाग होता.

पतीच्या मुद्द्यात तथ्य होते, आणि ते मी नाकारले नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या वर्गीकरणात मेडिकल रेकॉर्ड्स स्पेशालिस्ट, म्हणजे प्रामुख्याने कोडिंग करणारे लोक, यांच्यासाठी पदवी नसलेले प्रमाणपत्रही प्रवेशाला पुरेसे मानले आहे आणि २०२३ मध्ये त्यांचे मध्यम वार्षिक वेतन ४८,७८० डॉलर होते. मात्र त्याच विभागाने हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजिस्ट व मेडिकल रजिस्ट्रार हा गट वेगळा धरला आहे, त्यासाठी असोसिएट डिग्री हे नेहमीचे शिक्षण मानले आहे आणि त्या गटाचा आकडा त्याच वर्षी ६२,९९० डॉलर होता. शिवाय अनुभव नसताना सीपीसी उत्तीर्ण झालेल्यांच्या पदनामामागे शिकाऊपणाचे ‘ए’ हे अक्षर लागते आणि पहिली नोकरी शोधताना ते फार छळते. पैशांची तातडी असेल तर कोर्स हाच शहाणपणाचा मार्ग आहे, असे मी कोणालाही सांगेन. वैदेहीच्या घरात तशी तातडी नव्हती आणि तिला आयुष्यभर कोडिंगच करायचे नव्हते.

तरी कोडिंगचे काम नेमके कसे असते, याची कल्पना यावी म्हणून मी तिच्यासमोर एक काल्पनिक डिस्चार्ज समरी ठेवली. रुग्णाला टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा तिसऱ्या टप्प्याचा ‘अ’ प्रतीचा जुनाट विकार. नवख्या माणसाला वाटते, तीन आजार, तीन स्वतंत्र कोड. परंतु आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या संकेतांकांच्या यादीचे नियम, डॉक्टरांनी दुसरे कारण स्पष्ट लिहिलेले नसेल तर, मधुमेह आणि मूत्रपिंडविकार यांचा संबंध गृहीत धरतात, रक्तदाबाचेही तसेच. त्यामुळे साध्या रक्तदाबाचा आय१० हा कोड इथे चालत नाही. ई११.२२, आय१२.९ आणि टप्पा दाखवणारा एन१८.३१ असे लिहावे लागते. ‘म्हणजे क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघून टप्पा मी ठरवायचा नाही?’ असे तिने चटकन विचारले. नाही, टप्पा डॉक्टरांनीच लिहायला हवा; नोंद अपुरी असेल तर रीतसर विचारणा करायची. लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला हा प्रश्न सुचतो आणि तिची पूर्वीची वर्षे वाया गेलेली नाहीत, हे तिला त्या प्रश्नानेच पटले.

सासूबाईंच्या आक्षेपाचे उत्तर गुणपत्रिकांच्या मूल्यांकनातून मिळाले. भारतातील तीन वर्षांच्या पदवीला इथल्या अनेक संस्था चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची मानत नाहीत, आणि वैदेहीच्या अहवालातही तिचे शिक्षण पदवी पातळीवरचे तीन वर्षांचे शिक्षण म्हणूनच धरले गेले. हे वाचून ती खट्टू झाली. परंतु त्याच अहवालाच्या आधारे तिच्या काही सामान्य विषयांची क्रेडिट कॉलेजने मान्य केली आणि सत्तरीच्या आत असलेल्या एकूण क्रेडिटमधील बराच भार उतरला. शरीररचनाशास्त्र मात्र पुन्हा करावे लागले. (भारतातून चौकशी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते: पूर्णपणे ऑनलाइन असलेल्या अभ्यासक्रमावर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, त्यामुळे त्या वाटेने अमेरिकेत येण्याचा बेत आखू नये. एच-४ व्हिसावर शिकता येते, पण सरकारी शैक्षणिक मदत मिळत नाही.)

ऑनलाइन अभ्यासक्रमात खरी कसोटी लागते ती प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाच्या सत्रात, आणि त्याबद्दल प्रवेशापूर्वी फारसे कोणी विचारत नाही. काही कॉलेजे रुग्णालयाशी स्वतः करार करून देतात, तर काही विद्यार्थ्यालाच जागा शोधायला लावतात. काही ठिकाणी अहिमाच्या व्हीलॅब या आभासी प्रयोगशाळेवर यातील काही भाग पूर्ण करता येतो. रुग्णालयात जायचे असेल तर पार्श्वभूमीची पडताळणी आणि लसीकरणाचे दाखले मागतात. क्षयरोगाच्या त्वचाचाचणीत लहानपणी बीसीजी घेतलेल्या आपल्या लोकांचा निकाल खोटा होकारार्थी येऊ शकतो, म्हणून रक्तचाचणीची मागणी आधीच करावी, असे मी तिला सुचवले. अभ्यासक्रमाच्या समन्वयक बाईंना तिने ईमेलने दोनच प्रश्न विचारले: जागा कोण शोधणार, आणि गेल्या वर्षी आरएचआयटी परीक्षेत तुमचे किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले? एका कॉलेजने दुसऱ्या दिवशी दोन्हींचे सविस्तर उत्तर पाठवले. दुसऱ्याने माहितीपत्रक पाठवले. वैदेहीने पहिल्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि कामाच्या परवान्याची मुदत संपण्याआधी प्रत्यक्ष अनुभवाचे सत्र पूर्ण होईल, अशा बेताने प्रत्येक सत्रातील विषय आखून घेतले.