वाचक विचारतात : वकील ‘तारीख पडली’ एवढंच सांगतात

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं कायद्यापेक्षा वकिलांबद्दलच होती. त्यांतले सहा प्रश्न निवडून उत्तरं देत आहोत. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा आम्ही लावला होता. वकीलसाहेबांना फोन केला की ‘तारीख पडली, यायची गरज नाही’ एवढंच ऐकायला मिळायचं. परवा कोर्टात चौकशी केली, तर दावा चार महिन्यांपूर्वीच निकाली निघाल्याचं कळलं. आता काही करता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी दावा कशामुळे निकाली निघाला ते पाहा. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये खटल्याचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक टाका. प्रत्येक तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं ते दिसतं. शेवटच्या पाचसहा तारखा नीट वाचा. ‘वादी व वकील गैरहजर’ अशी नोंद सलग दिसली आणि शेवटी दावा काढून टाकला असेल, तर तो गैरहजेरीत गेला आहे. प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असताना दावा काढला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम ९ खाली तो पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज करावा लागतो. दोन्ही बाजू गैरहजर असतील, तर नियम ४ लागतो. मुदत दोन्हीकडे ३० दिवसांची, दावा काढल्याच्या तारखेपासून. तुमच्या बाबतीत ती उलटून सुमारे तीन महिने झाले, म्हणून सोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज लागेल. पुरावा होऊन गुणदोषावर, म्हणजे दोन्ही बाजू तपासून निकाल लागला असेल, तर मात्र रस्ता अपिलाचा. जिल्हा न्यायालयात त्याची मुदत ३० दिवस, आणि निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. म्हणून नकलेचा अर्ज आजच टाका.

विलंबमाफीचे अर्ज बहुतेकदा एकाच कारणाने पडतात. प्रतिज्ञापत्रात ‘वकिलांनी कळवलं नाही’ एवढं एकच वाक्य असतं. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलं आहे खरं. पण पुढच्या अनेक निकालांत न्यायालयांनी उलट विचारलं आहे, की मग पक्षकाराने स्वतः काय केलं? म्हणून तारीखवार लिहा : कधी फोन केला, काय उत्तर मिळालं, फी कधी दिली, गैरहजेरीची बाब नेमकी कोणत्या दिवशी कळली. व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडा. दुसऱ्या बाजूला खर्च द्यायची तयारी अर्जातच दाखवली तर फायदा होतो. आणि हा अर्ज जुन्या वकिलांकडून करून घेऊ नका. स्वतःच्या हलगर्जीपणाबद्दल प्रतिज्ञापत्र कोण मनापासून लिहील?

प्रश्न : वकील बदलायचा आहे. जुने वकील म्हणतात, उरलेली फी द्या, मगच ना हरकत आणि फाईल मिळेल. नवे वकील ना हरकतीशिवाय वकीलपत्र घ्यायला तयार नाहीत.

उत्तर : ना हरकत घेणं हा वकिलांमधला शिष्टाचार आहे आणि तो पाळला तर बरंच. पण तुमचा खटला त्यावर अडवून ठेवता येत नाही. आदेश ३ नियम ४ प्रमाणे पक्षकार लेखी अर्ज देऊन, न्यायालयाच्या परवानगीने वकीलपत्र संपवू शकतो. आधी जुन्या वकिलांना स्पीड पोस्टने पत्र पाठवा : वकीलपत्र काढून घेत आहे, सात दिवसांत ना हरकत आणि कागद द्यावेत. उत्तर आलं नाही, तर पत्राची प्रत आणि पोच जोडून परवानगीचा अर्ज द्या आणि नवं वकीलपत्र त्याच दिवशी दाखल करा. दोन्हींत दिवसांचं अंतर पडलं आणि मधेच तारीख आली, तर त्या तारखेला तुमच्या बाजूने उभं राहायला कोणीच नसतं.

फीसाठी फाईल अडवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० सालीच स्पष्ट केलं आहे. फी खरोखर बाकी असेल, तर ते वेगळा दावा करून वसूल करू शकतात. तुम्हीही झालेल्या कामाचा हिशेब चुकता करायची तयारी ठेवा, कारण निम्मी भांडणं इथेच मिटतात. शिवाय फाईलमधलं बहुतेक सगळं कोर्टातच असतं. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), प्रतिज्ञापत्रं, निशाणी म्हणजे कोर्टाचा क्रमांक पडलेले दस्त यांच्या सहीशिक्क्याच्या नकला अर्ज करून मिळतात. अडचण होते ती कोर्टात अजून दाखल न झालेल्या मूळ कागदांची. जुनं खरेदीखत, हातपावत्या, सह्यांचे करार असे कागद वकिलाकडे देताना यादी करून त्यावर त्यांची सही घ्यावी. एरवी झेरॉक्सवर भागवावं आणि मूळ दस्त दाखल करायच्या दिवशीच न्यावा. दाखल झाल्यावर निशाणी क्रमांक टिपून ठेवावा.

प्रश्न : चेक परत आला. वकिलांना लगेच कागद दिले, पण त्यांनी नोटीस ४१ व्या दिवशी पाठवली. आता म्हणतात, उशीर माफ करून घेऊ.

उत्तर : हा उशीर माफ होत नाही. चेक न वटल्याबद्दलची, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची नोटीस चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत जायलाच हवी. नोटीस पोचल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर फिर्याद दाखल करायला एक महिना. यांपैकी फक्त शेवटच्या टप्प्यातला उशीर कोर्ट माफ करू शकतं. पण चेकवरच्या तारखेपासून तीन महिने संपले नसतील, तर चेक पुन्हा बँकेत भरा. तो पुन्हा परत आला, तर बँकेच्या नव्या मेमोपासून (चेक परत आल्याची चिठ्ठी) नवे ३० दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही वाट मोकळी केली आहे. तीन महिने उलटले असतील, तर फौजदारी मार्ग संपला, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा समरी (झटपट चालणारा) दावा तीन वर्षांच्या मुदतीत लावता येतो. नवी नोटीस गेली तर एक पाहा : चेकची रक्कम स्वतंत्र आणि स्पष्ट मागितलेली असावी. व्याज, नोटीस खर्च मिसळून एकच आकडा टाकलेल्या नोटिसा पुढे अडचणीत येतात.

प्रश्न : अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा आहे. वकील म्हणतात, आता काही देऊ नका, मिळेल त्यातले २५ टक्के माझे.

उत्तर : ऐकायला सोयीचं आहे, पण नियमात बसत नाही. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे आणि असा करार कोर्टात टिकत नाही. टप्प्यांची फी ठरवा : अर्ज दाखल करताना, साक्षीपुरावा झाल्यावर, युक्तिवादाच्या वेळी. प्रत्येक वेळी पावती घ्या. खात्याचे कोरे चेक किंवा पैसे काढायच्या स्लिपा सही करून आधीच देऊ नका. भरपाई तुमच्या खात्यात आली आणि त्याच आठवड्यात निघून गेली, अशा तक्रारींचं मूळ त्या कोऱ्या सह्यांत असतं. छापील वकीलपत्रात तडजोड करणं, दावा काढून घेणं, पैसे स्वीकारणं असे अधिकारही असतात. नको असलेली ओळ खोडून बाजूला सही करता येते.

प्रश्न : वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं का?

उत्तर : नाही. १४ मे २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. हलगर्जीपणाने झालेलं नुकसान भरून मागायचं, तर दिवाणी दावा. गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करायची. अर्ज पडताळणीसह, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या सहीच्या निवेदनासह हवा आणि त्यात वकिलाचा सनद क्रमांक द्यावा, तो वकीलपत्रावर सापडतो. खटला हरला किंवा युक्तिवाद फिका पडला, हे गैरवर्तन नव्हे, आणि अशा तक्रारी पहिल्याच टप्प्यावर पडतात. पैसे घेऊन दावाच न लावणं, खोट्या तारखा सांगणं, दोन्ही बाजूंचं काम घेणं, पक्षकाराची रक्कम ठेवून घेणं, हे गैरवर्तन. शिक्षा ताकिदीपासून सनद रद्द होण्यापर्यंत असू शकते. वर्षभरात निर्णय झाला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. राज्याच्या बार कौन्सिलचा निकाल मान्य नसेल तर तिथेच ६० दिवसांत अपील करता येतं.

प्रश्न : मला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळाले, पण ते तारखेला येत नाहीत आणि ‘खर्चा’साठी पैसे मागतात.

उत्तर : पैसे देऊ नका. त्यांची फी प्राधिकरण देतं, पक्षकाराकडून काहीही घ्यायला त्यांना परवानगी नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज द्या, गैरहजेरीच्या तारखा ई-कोर्ट्सवरून उतरवून जोडा आणि दुसरा वकील मागा. कार्यालय सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. तोंडी चौकशी १५१०० या क्रमांकावरही करता येते, पण अर्जाची शिक्का मारलेली प्रत तुमच्याकडे राहू द्या.