बोअरचा अर्धा मिलिमीटर

मोटार शर्यतीच्या स्टॉक गटात, म्हणजे कारखान्यातून आली तशाच गाड्यांच्या गटात, पहिल्यांदाच गाडी उतरवणार असाल, तर उद्यमनगरात लेथवाल्याकडे जाण्याआधी नियमावली दोनदा वाचावी. हेड (सिलिंडरांवरचे झाकण) घासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, वाढवून देणारा कारागीर कोल्हापुरात शोधावा लागत नाही, आणि मोह तिथेच होतो.

जुन्या मारुती ८०० चेच घ्या. ६८.५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७२ मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनची वरखाली धाव) तीन सिलिंडरांचे मिळून ७९६ सीसी होतात. झिजलेला ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आतून अर्धा मिलिमीटर रुंद बोअर करून ओव्हरसाइझ, म्हणजे तेवढेच मोठे, पिस्टन बसवले, की तेच सुमारे ८०८ भरतात. माझ्या मते ही दुरुस्तीच आहे. पण गटाची मर्यादा काटेकोर ८०० असेल, तर तुम्ही बाद आणि नवा ब्लॉक परवडणारा आत. म्हणून ओव्हरसाइझची सूट आयोजकांकडून लेखीच घ्यावी. (तोंडी होकारावर विसंबून मी एकदा मिळवलेला क्रमांक गमावला आहे.)

अमेरिकेतील काही हौशी स्टॉक कार गटांत ठरलेल्या किमतीला प्रतिस्पर्ध्याचे इंजिन विकत मागता येते, त्यामुळे त्यावर पाण्यासारखा पैसा ओतायला कोणी धजावत नाही. इंजिने उघडत बसण्यापेक्षा मला हे न्याय्य वाटते. आपल्याकडे तूर्त हेड बसवण्यापूर्वी बोअर आणि गॅस्केटची (हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ थराची) जाडी मोजून वहीत नोंदवून ठेवा.