फॅशन नावाचा देश

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भाषाविज्ञान. वेब वाचून स्वतःच माहिती शिकणाऱ्या संगणकांवर काम करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, ते इंजिनिअरचं काम. आणि संगणक आपला आपण शिकणार असेल तर तुला कोण विचारणार?

उत्तर : घरच्यांची दुसरी शंका चांगली आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळते.

कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये 'नेल' नावाची प्रणाली सुरू केली. शहर, कंपनी, खेळाडू असे शेकडो वर्ग आणि प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणं, एवढ्या शिदोरीवर तिला वेबवर सोडलं. रात्रंदिवस वाचायचं, वाक्याच्या ठेवणीवरून नवी नावं उचलायची, त्या नावांवरून आणखी ठेवणी शोधायच्या. बेकरीच्या पदार्थांत तिचा हात चांगला बसला होता. मग भेटल्या 'इंटरनेट कुकीज', म्हणजे वेबसाइट आपल्या संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदी. नावात कुकीज, म्हणजे खायच्याच! लोक कुकीज डिलीट करतात, फाइलीही डिलीट करतात. झालं, फाइलीसुद्धा भट्टीतून निघाल्या. एक चूक खरी मानली की तिच्या भरवशावर पुढच्या चुका आत येतात. हे लक्षात येऊन निस्तरायला माणसंच लागली.

आजची मोठी भाषा-मॉडेल्स, म्हणजे चॅटबॉटच्या मागे असतात त्या प्रणाली, वेगळ्या रीतीने शिकतात, पण तीही अफाट मजकूर वाचूनच. त्यांची चूक तर इतकी सफाईदार असते की पटकन डोळ्यांत भरत नाही. तुला विचारणारे आहेत, ते यासाठी.

आता पहिली शंका. नुसत्या भाषाविज्ञानावर भागणार नाही, इथे घरचे निम्मे बरोबर आहेत. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि गणितातली संभाव्यता, दोन्ही शिकावं लागेल. गणित सोडून वर्षं झाली असतील तर सुरुवातीला जड जाईल. संगणकाला शिकवण्यासाठी मजकुराला लेबलं लावायची (हे शहराचं नाव, हे माणसाचं) कामं सहज मिळतात. अनुभवापुरती कर, त्यातच अडकू नकोस.

पण कोर्सला पैसे भरण्याआधी एक करून बघ. 'अमक्याची राजधानी तमकं' एवढा एकच साचा घे आणि वेबवरची शंभर वाक्यं गोळा कर. 'फ्रान्सची राजधानी पॅरिस' मिळेल, आणि 'फॅशनची राजधानी पॅरिस'ही मिळेल. साच्याच्या लेखी फॅशन हा देश! '१९६० पर्यंत ब्राझीलची राजधानी रिओ होती' हे वाक्य तर खरंच आहे, पण 'पर्यंत' आणि 'होती' नजरेआड केलं की खोटं. (व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्यांना हे दाखवायला हवं.)

फॅशनला बाहेर काढेल आणि फ्रान्सला धक्का लावणार नाही असा नियम लिहायला बस. नेलमध्ये अमुक वर्गातली गोष्ट तमुक वर्गात असू शकत नाही, अशी बंधनं घातलेली होती. तिथून सुरुवात कर. दोन रात्री त्यात कशा गेल्या कळलं नाही, तर घरच्यांना ती वही दाखव. दुसऱ्याच तासाला जांभया आल्या, तर मला पुन्हा लिही, दुसरी वाट बघू.