गॅलापागोसची जहाजसफर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऑगस्टमध्ये १६ प्रवाशांच्या जहाजाने इक्वेडोर देशाच्या गॅलापागोस बेटांवर जाणार आहोत. दोघांचंही वय साठीच्या पुढे. रोज छोट्या बोटीतून बेटावर उतरायचं असतं, ते झेपेल का? जेमतेम पोहता येतं. स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वास घ्यायची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहणं) करावं का?

उत्तर : झेपेल, फक्त घाई नको. जहाज किनाऱ्यापासून दूर नांगर टाकतं आणि ‘पांगा’ नावाची छोटी बोट तुम्हाला बेटावर नेते. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत. खलाशाचा पंजा धरू नका, तो ओला असतो, निसटतो. त्याने आणि तुम्ही एकमेकांचा हात मनगटाच्या वर घट्ट धरायचा. खडकावर उतरताना लाट बोटीला वर उचलते त्या क्षणी एक पाऊल टाका, पण खलाशी ‘आता’ म्हणेल तेव्हाच. बोट खाली जात असताना पाय उचललात तर तोल गेलाच. वाळूवर उतरायचं असेल तर बोटीच्या काठावर बसूनच पाय बाहेर वळवा आणि गुडघाभर पाण्यात उतरा. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय ठेवू नका.

स्नॉर्केलिंग जरूर करा, लाइफ जॅकेट घालून. पांगा जवळच फिरत असते. ऑगस्टमध्ये हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे पाणी साधारण १८ ते २२ अंश सेल्सियस असतं, इसाबेला-फर्नांदिना बेटांच्या पश्चिमेला त्याहूनही थंड. कोकणच्या समुद्राची सवय असलेला माणूस दहा मिनिटांत कुडकुडतो. ५ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) मागा. अंगाला घट्ट हवा, सैल असला तर आत सतत थंड पाणी खेळतं.

मास्क जहाजावरच तपासून घ्या. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा. टिकला तर तो तुमच्या मापाचा. पाणी शिरलं की लोक पट्टा आवळतात, त्याने रबर दुमडतं आणि गळती वाढते. खरं कारण बहुधा रबराखाली अडकलेले केस किंवा मिशी. नाकालगतची मिशी जराशी कातरली की पुरतं.

प्रश्न : प्राण्यांच्या किती जवळ जाता येतं? अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी दिसेल का?

उत्तर : २ मीटर अंतर ठेवायचं. फ्लॅश आणि ड्रोन बंद. समुद्री इग्वाना (मोठा सरडा) वाटेतच पसरलेला असेल तर थांबा, वाटाड्या मार्ग काढतो. इग्वाना नाकपुड्यांतून फवारा सोडतो तो खाण्यातून आलेल्या जादा मिठाचा, रागाचा नव्हे. निळ्या पायांच्या बूबी पक्ष्याचं घरटं म्हणजे जमिनीवरचं विष्ठेचं पांढरं कडं. ते चुकूनही ओलांडू नका, आत अंडी असतात. पाण्यालगत भुंकत फेऱ्या मारणाऱ्या नर सी लायनपासून मात्र बरंच लांब राहा, तो आपल्या हद्दीसाठी चावतो.

अल्बट्रॉस एस्पान्योला बेटावर साधारण एप्रिल ते डिसेंबर असतात. ते बेट तुमच्या मार्गात आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. प्रत्येक जहाजाचा मार्ग वेगळा असतो.

प्रश्न : निघण्यापूर्वी काय विसरू नये?

उत्तर : यलो फीव्हरची लस. इक्वेडोर भारताच्या यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे परतताना दाखला नसेल तर विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रावर, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. साठीनंतर ती घेण्याआधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक. गॅलापागोस राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर आहे, ते रोख जवळ ठेवा. बिया आणि ताजी फळं सामानात नकोत, विमानतळावर तपासणी होते.