सरकारी न्यूरो ओपीडीत रुजू होताना

न्यूरॉलॉजीत डीएम, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंचा तज्ज्ञ डॉक्टर झालास, अभिनंदन. आता गर्दी बघून घाबरू नकोस. अर्धं निदान रुग्ण आत चालत येतानाच होतं, त्यामुळे केसपेपरात डोकं खुपसून बसू नकोस. एमआरआयची तारीख लांबची मिळते, म्हणून रिफ्लेक्स हॅमर, म्हणजे गुडघ्यावर ठोकून तपासायची छोटी हातोडी, कायम खिशात ठेव.

फिटच्या रुग्णाने गोळ्या का सोडल्या, हे न रागावता विचार. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, बहुतेकदा एवढंच कारण असतं. म्हणून औषधाच्या खिडकीवर काय शिल्लक आहे ते आधी बघ, मग लिही. मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्यतो व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध नको, गर्भाला धोका असतो. लग्न ठरलेल्या मुलीशी बोलताना नातेवाइकांना जरा बाहेर बसव.

पक्षाघातात गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत. ‘कधी सापडला’ हे नव्हे, ‘शेवटचा ठणठणीत कधी पाहिला’ हे विचार. आणि ही मुदत तुझ्या ज्ञानापेक्षा ट्रॉली ढकलणारे मामा आणि सीटीचा टेक्निशियन यांच्या हातात जास्त असते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्याशी ओळख कर. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेची कागदपत्रं रुग्णालयातला तिचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र बघतो, त्याचाही नंबर घेऊन ठेव.